वन्यजीव छायाचित्रणातील भिंगे

वन्यजीव छायाचित्रणात पशुपक्ष्यांना विचलित न करता दुरून छायाचित्र घेण्यासाठी प्रामुख्याने लांब नाभीय अंतराची (टेलिफोटो) भिंगे वापरली जातात.

निवड

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर असलेल्या येलदरी जलाशयासारख्या उघड्या पाणथळ जागी आडोसा कमी असतो. तेथे पक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिमी भिंग उपयुक्त ठरते. एपीएस-सी संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमी भिंगाचे दृश्यक्षेत्र फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरील सुमारे ६०० मिमी भिंगाइतके असते. त्यामुळे खर्च व वजन दोन्ही वाचतात. एफ/२.८ सारखी मोठ्या छिद्राची भिंगे पहाटेच्या अंधुक प्रकाशात सरस, परंतु जड व महाग असतात.

इतर साहित्य

वाहनातून छायाचित्रण करताना तिपाईपेक्षा धान्य किंवा वाळू भरलेली पिशवी सोयीची असते. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरल्याने दूरचे चित्र धूसर येते. हा दोष उत्तम भिंगानेही टळत नाही. म्हणून सकाळची वेळ निवडतात.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणेही येते. त्यामुळे विणीच्या काळात भिंग अपुरे पडल्यास घरट्याजवळ न जाता छायाचित्र सोडून देणे आवश्यक ठरते.