वाडा विकता येतो, तलाव नाही : गोंदियाच्या मालगुजारी वाड्यांचा इतिहास

१/ गोंदिया-भंडारा भागात जुन्या गावतळ्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. या नावाचा कोणाच्या मामाशी संबंध नाही. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. आज या परिसरातील भव्य सागवानी वाडे विक्रीस का निघतात, याचे उत्तर त्या ‘माजी’ शब्दात दडले आहे. #थ्रेड

२/ मालगुजार म्हणजे सारा भरणारा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात गावाचा वसूल गोळा करून सरकारात भरणे हे पाटलाचे काम होते. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला.

३/ १८६० च्या दशकातील जमाबंदीत इंग्रजांनी या वसूलदारांना गावांची मालकी दिली. हा हक्क वारसाने मिळू लागला, गहाण टाकता येऊ लागला, विकताही येऊ लागला. जे पद पूर्वी मर्जीवर अवलंबून होते, ते आता पिढीजात मालमत्ता झाले. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे घर बांधण्यास यामुळेच अर्थ आला.

४/ वाड्याची रचना त्याच्या कामातून ठरली. पुढे देवडी, मग चौक, ओसरी आणि बैठक. आत माजघर, मागे धानाची कोठारे. सागाचे खांब आणि तुळया जवळच्या जंगलांतल्या, छपरावर कवेलू. बैठकीत हिशेब होत, तंटे मिटत, कर्जे दिली जात. वाडा हे एकाच वेळी कुटुंबाचे घर आणि गावाची कचेरी होती.

५/ त्याच बैठकीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. बेगार, नजराणे आणि सावकारी यांचा भार कुळांनी वाहिला. वंशजांना जो दरवाजा वैभवाची खूण वाटतो, त्याच दरवाजाबाहेर कोणाचे तरी आजोबा हात जोडून उभे असत. वाड्याचा इतिहास या दोन्ही स्मृतींचा मिळून होतो.

६/ वाड्याइतकाच महत्त्वाचा होता तलाव. या भागात तळी बांधण्याची परंपरा मालगुजारीहून जुनी. नवेगावबांधचा विशाल जलाशय अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. धानाला कोणत्या तळ्याचे पाणी मिळावे, बांधाची दुरुस्ती कोणी करावी, यांसारख्या चालीरीती जमाबंदीच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावपत्रकात नोंदवल्या जात.

७/ मग आला १९५० चा मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा. (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात होता.) ३१ मार्च १९५१ रोजी गावे, जंगले, बाजार, घाट आणि सार्वजनिक तलाव सरकारजमा झाले. मालगुजार ‘माजी’ झाला.

८/ या कायद्याला आव्हान देणाऱ्यांत शेजारच्या चांदा जिल्ह्यातील अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव होते. दरम्यान पहिल्या घटनादुरुस्तीने हा कायदा नवव्या परिशिष्टात घातला गेला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

९/ मात्र कायद्याने घराला हात लावला नाही. घरे, त्यांची आवारे, त्यांतील विहिरी आणि झाडे जुन्या मालकाकडेच राहिली. म्हणजे वाडा उरला. पण वाडा पोसणारे उत्पन्न गेले. कवेलूंचे छप्पर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उकलून नीट बसवावे लागते. जे काम पूर्वी गाव करी, त्याला आता रोख मजुरी लागू लागली.

१०/ पुढचा प्रश्न वारसांचा. एका पिढीचे चार हिस्से तिसऱ्या पिढीत वीस होतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ मुळे, कुटुंब राहत असलेल्या घराचे वाटप पुरुष वारसांनी मागेपर्यंत स्त्री वारसांना मागता येत नसे. २००५ मध्ये हे कलम वगळले गेले. लेकींना न्याय मिळाला. पण हिस्सेदार वाढले की एकाने दुरुस्ती करण्यापेक्षा सर्वांनी विकणे सोपे ठरते.

११/ गिऱ्हाईक बहुधा इतिहासाची किंमत करत नाही. तो जागा मोजतो आणि सागवान मोजतो. खांब, तुळया, कोरीव चौकटी सुट्या होऊन बाजारात जातात. महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारक कायदा संरक्षित घोषित झालेल्या वास्तूंनाच कवच देतो. राहते खासगी वाडे सहसा त्याबाहेर राहतात.

१२/ सागवानाला निदान भाव तरी येतो. दप्तराला येत नाही. जुन्या पेट्यांतील लगानाच्या वह्या, कर्जरोखे, पाण्याच्या पाळ्यांचे कागद बहुतेकदा रद्दीत किंवा चुलीत जातात. त्यांत मालगुजाराचे नाव एकदा येते, कुळांची नावे पानोपानी. ज्या कुटुंबांनी स्वतःचा इतिहास कधी लिहिला नाही, त्यांचा लेखी पुरावा कदाचित तेवढाच असतो.

१३/ प्रत्येक वाडा वाचणे शक्य नाही, आणि वारसांना विक्रीबद्दल दोष देणेही योग्य नाही. परंतु विक्रीखत होण्यापूर्वी वाड्याचा नकाशा काढता येतो, छायाचित्रे घेता येतात आणि कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा विदर्भ संशोधन मंडळाकडे नेता येतात. घर कुटुंबाचे आहे, ते विकण्याचा अधिकार कुटुंबाचाच. दप्तरात मात्र सारे गाव आहे.