लिनक्स सर्व्हर : नेटवर्क पत्त्याची तपासणी

सर्व्हरचा आयपी पत्ता, नेटमास्क व गेटवे बरोबर आहेत की नाहीत, हे पाहण्याची क्रिया. परभणीसह देशभरातील जिल्हा न्यायालयांत ई-कोर्ट प्रकल्पाची (प्रारंभ २००७) सीआयएस (केस इन्फर्मेशन सिस्टिम) ही खटल्यांच्या नोंदींची प्रणाली वापरतात. एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) पुणे केंद्राने ती लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभारली. अशा ठिकाणी पत्ता चुकला, तर पक्षकाराची तारीखही पडद्यावर दिसत नाही. ‘आयपी ॲड्रेस’ ही आज्ञा प्रत्येक नेटवर्क कार्डाचा पत्ता दाखवते, ‘आयपी रूट’ बाहेर जाण्याचा मार्ग. १२७.०.०.१ हा पत्ता यंत्राचा स्वतःपुरता असतो. तो दिसला म्हणजे जोडणी झाली असे नव्हे. आज्ञेने बदललेला पत्ता सर्व्हर पुन्हा सुरू होताच जातो. म्हणून ‘ईटीसी’ फोल्डरातील नेटवर्क-मांडणीची फाइलही वाचावीच. नवशिके नेमके इथेच अडतात. उबंटू या लिनक्स-प्रकाराच्या नव्या आवृत्त्यांत ही फाइल ‘नेटप्लॅन’ या उपफोल्डरात सापडते.