माराकानाचे पानिपत

२०१४ सालच्या जुलैमध्ये काही कामानिमित्त कोल्हापुरास जाणे झाले. उतरलो होतो शिवाजी पेठेत, एका जुन्या स्नेह्यांकडे. कोल्हापूरच्या पेठा आणि तालमी यांचे फुटबॉलवेड ज्याने पाहिलेले नाही, त्याला ते सांगून पटावयाचे नाही. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचे संघ उतरले म्हणजे घराघरांत तट पडतात. आणि चार वर्षांनी जागतिक चषकाचे सामने आले म्हणजे हेच तट नवी नावे धारण करतात. एक गल्ली अर्जेंटिनाची, तर पलीकडची ब्राझीलची! ज्या देशांचे अंतर कोणी नकाशावरदेखील मोजून पाहिलेले नाही, त्यांची निशाणे गल्लीच्या तोंडाशी फडकत असतात.

त्या ९ तारखेच्या पहाटे आमच्या स्नेह्यांचा नातू ओसरीवर गुडघ्यांत डोके घालून बसला होता. अंगात पिवळा सदरा. रात्री दीड वाजता सुरू झालेला सामना नुकताच संपला होता आणि ब्राझील स्वतःच्या देशात जर्मनीकडून सात विरुद्ध एक असे हरले होते. मी जवळ बसलो, तेव्हा तो इतकेच म्हणाला, "आजोबा, सात गोल! सात!" घरात कोणी वारले असावे असा तो आवाज होता. त्याची आजी आतून म्हणाली, "लेकरू खेळलं नाही, पळलं नाही, आणि रडतंय बघा कसं!"

आजीच्या बोलण्यात एक फार जुना प्रश्न होता. जो खेळला नाही, त्याने का रडावे? या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो तर पावले आपोआप एका विशिष्ट दिवसाकडे वळतात. तो दिवस १६ जुलै १९५०, आणि ते स्थळ रिओ द जानेरो येथील माराकाना क्रीडांगण. त्या मुलाच्या अंगातील पिवळा सदरादेखील त्याच दिवसाच्या पोटी जन्मला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ आणि १९४६ चे चषक झालेच नव्हते. युरोप राखेत बसला होता. यजमानपण पत्करले ब्राझीलने. पाच कोटींवर लोकसंख्येचा हा देश जगाला आपली ओळख करून देण्यासाठी उतावीळ झाला होता. त्यासाठी त्याने जगातले सर्वांत मोठे क्रीडांगण बांधावयास घेतले. २ ऑगस्ट १९४८ रोजी कोनशिला बसली आणि १६ जून १९५० रोजी उद्‌घाटन झाले, तेव्हा बांधकाम अजून अपुरेच होते. तरीही ते सिमेंट-काँक्रीटचे प्रचंड वर्तुळ पाहून ब्राझीलच्या माणसाचा ऊर भरून येई. आपण काय करू शकतो याचा तो पुरावा होता. चषक जिंकणे एवढेच आता उरले होते.

या स्पर्धेशी आपलेही एक अर्धवट नाते आहे. ब्रह्मदेश आणि फिलिपाईन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला न खेळताच प्रवेश मिळाला होता. इटली, स्वीडन आणि पाराग्वे यांच्या गटात आपले नाव पडलेही होते. पण आपला संघ गेला नाही. अनवाणी खेळू दिले नाही म्हणून गेला नाही, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तथापि लांबचा सागरी प्रवास आणि त्या काळी ऑलिंपिकलाच दिले जाणारे महत्त्व ही कारणे त्याहून अधिक खरी दिसतात. आपण गेलो असतो तर काय झाले असते, याची चर्चा व्यर्थ आहे. असो.

त्या वर्षीच्या स्पर्धेत आज होतो तसा अंतिम सामना नव्हता. गटांतून वर आलेल्या चार संघांनी आपसांत खेळावयाचे आणि ज्याचे गुण अधिक त्याला चषक, अशी रीत होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे लोळविले. स्पेनच्या सामन्यात तर गोलामागून गोल होऊ लागले, तशी दीड लाख माणसे एका सुरात एक जुने कार्निव्हालचे गाणे गाऊ लागली. माद्रिदमधील बैलझुंजींवरचे ते थट्टेचे गाणे स्पेनसमोर नेमके शोभून दिसले. वारीत हजारो मुखांतून एकच अभंग उमटतो, तेव्हा कोण गातो आणि कोण ऐकतो हा भेद राहत नाही. तसेच काहीसे त्या दुपारी तेथे घडले असले पाहिजे. प्रेक्षक हा प्रेक्षक राहिला नाही. आपणच खेळतो आहोत आणि आपणच जिंकतो आहोत, असे त्याला वाटू लागले. संकटाचे बीज येथे पडले, असे मला वाटते.

शेवटचा सामना उरुग्वेशी होता. उरुग्वेने स्पेनशी बरोबरी केली होती आणि स्वीडनला कसेबसे ३-२ असे हरविले होते. ब्राझीलला बरोबरीदेखील पुरेशी होती. उरुग्वे म्हणजे सुमारे बावीस लाखांचा देश. एकट्या रिओ शहराची वस्ती त्याहून थोडी अधिकच होती. हा लहान देश १९३० साली पहिला जागतिक चषक जिंकला होता, १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकांतही अजिंक्य ठरला होता, याची आठवण त्या आठवड्यात कोणास राहिली नाही. रिओच्या एका वृत्तपत्राने तर सामन्यापूर्वीच ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र छापून 'हे पाहा जगज्जेते' असा मथळा दिला. खेळ सुरू होण्यापूर्वी शहराच्या महापौरांनी ध्वनिक्षेपकावरून आपल्या खेळाडूंना विजेते म्हणूनच संबोधिले. आंतरराष्ट्रीय संघटनेचे वृद्ध अध्यक्ष झ्यूल रिमे यांनी विजेत्यांच्या गौरवाचे भाषण पोर्तुगीज भाषेत तयार करून खिशात ठेवले होते. स्पॅनिश भाषेत भाषण तयार करण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

तिकीट काढून आत गेलेल्यांची अधिकृत संख्या १,७३,८५० अशी आहे. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास माणसे असावीत, असा अंदाज केला जातो. म्हणजे शहरातील दर बारा माणसांमागे एक माणूस त्या दुपारी त्या एका वर्तुळात होता.

उरुग्वेचा कर्णधार ओब्दुल्यो व्हारेला हा मोठा विलक्षण मनुष्य. बचावाचा खेळ करावा, असा प्रशिक्षकांचा सल्ला होता. प्रशिक्षक खोलीबाहेर गेल्यावर व्हारेलाने सोबत्यांना सांगितले की असे खेळलो तर स्पेन आणि स्वीडन यांची झाली तीच गत आपली होईल. आणि मग तो जे बोलला, ते त्याच्या देशात आजही म्हणीसारखे चालते. बाहेरचे सारे लाकडाचे आहेत! मैदानात अकरा विरुद्ध अकराच असतात. भोवतालचे दोन लाख लाकडाचे ओंडके आहेत असे समजा.

पूर्वार्ध गोलावाचून संपला. उत्तरार्ध सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात तोच फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. फटाके, आरोळ्या, हवेत उडालेले कागद! व्हारेलाने जाळ्यातून चेंडू उचलला, काखोटीस मारला आणि तो सावकाश इंग्रज पंचांकडे चालत गेला. गोल अवैध आहे, असा वाद त्याने मांडला. निर्णय बदलणार नाही हे त्यालाही ठाऊक होते. पण उसळलेला दर्या ओसरावयास वेळ लागतो आणि तो वेळ त्याला हवा होता. तो वाद घालीत राहिला आणि जल्लोषाचे रूपांतर त्याला उद्देशून केलेल्या ओरड्यात झाले. एकदाचा खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा भरती ओसरली होती.

६६व्या मिनिटास उजव्या बगलेवरून घिज्जाने चेंडू आत दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. बरोबरी झाली तरी चषक ब्राझीलचाच होता. पण सारे क्रीडांगण गप्प झाले. ती शांतता खेळाडूंच्या पायांत उतरली, असे पुढे अनेकांनी सांगितले आहे. ७९व्या मिनिटास घिज्जा पुन्हा त्याच बगलेने धावत आला. या वेळीही तो चेंडू आत देईल, अशा अंदाजाने गोलरक्षक बार्बोसा किंचित पुढे सरकला. त्याच्या आणि खांबाच्या मध्ये जी अरुंद फट राहिली, तीतून घिज्जाने चेंडू मारला. उरुग्वे दोन, ब्राझील एक.

बरोबरी असताना रिमे आपले भाषण घेऊन समारंभासाठी खाली निघाले होते. भुयारी वाटेतून ते मैदानाच्या तोंडाशी आले तेव्हा वरचा आवाज बंद झालेला होता. सामना संपला होता. मानवंदना नाही, राष्ट्रगीत नाही, भाषण नाही. गर्दीत व्हारेलाला शोधून त्यांनी चषक त्याच्या हाती कसाबसा दिला आणि हस्तांदोलन करून ते निघून गेले.

त्या रात्री व्हारेला मुक्कामी थांबला नाही. तो रिओच्या मद्यगृहांत जाऊन बसला. भोवती माणसे रडत होती. त्यांनी त्याला ओळखले, आणि त्याला मारण्याऐवजी त्याच्या गळ्यात पडून ती रडली. पुष्कळ वर्षांनी एका मुलाखतीत त्याने कबूल केले की त्या माणसांचे दुःख पाहून आपणच काही पाप केले असे त्याला वाटले. तो सामना पुन्हा खेळावयाचा झाला तर आपण आपल्याच जाळ्यात गोल मारू, असेही तो म्हणाला. बाहेरचे सारे लाकडाचे आहेत असे दुपारी म्हणणाऱ्या माणसाला, ते लाकडाचे नाहीत हे रात्री कळले. या साऱ्या कथेत मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

परंतु प्रेक्षकांचे दुःख इतके निर्मळ फार काळ राहत नाही. पराभव कोणाच्या तरी पदरात बांधल्यावाचून लोकमानसाला चैन पडत नाही. पानिपतानंतर आपण काय केले? १७६१ च्या त्या संक्रांतीची कारणे किती तरी होती. दुष्काळलेला मुलूख, तुटलेली रसद, मित्रांची उदासीनता. पण घरोघर खापर फुटले ते सदाशिवरावभाऊंच्या माथ्यावर. शेजवलकरांसारख्या इतिहासकारांना त्या खापराचे तुकडे पुन्हा जुळवून पाहावयास पावणेदोनशे वर्षे जावी लागली. ब्राझीलला आपला भाऊ सापडला तो बार्बोसाच्या रूपाने. तो आणि बचावातले बिगोद व ज्युवेनाल असे तिघे दोषी ठरले. तिघेही काळ्या वर्णाचे होते, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही.

बार्बोसा हा त्या काळातील उत्कृष्ट गोलरक्षकांपैकी एक. पुढे त्याने त्याच माराकानाच्या आवारात नोकरी केली. एकदा बाजारात एका बाईने आपल्या मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले की साऱ्या ब्राझीलला रडविणारा माणूस तो हाच. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाच्या सराव-शिबिरात भेटीस गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतले नाही. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे उद्गार त्याने अखेरच्या काळात काढले. २००० सालच्या एप्रिलमध्ये तो वारला. त्याचा अपराध एवढाच, की त्याने एक अंदाज केला आणि तो चुकला.

आता तो पिवळा सदरा. १९५० पर्यंत ब्राझीलचा संघ पांढऱ्या सदऱ्यात खेळत असे. त्या पराभवानंतर पांढरा रंग अपशकुनी ठरला. १९५३ साली एका वृत्तपत्राने नव्या गणवेशासाठी स्पर्धा लावली. अट अशी की राष्ट्रध्वजातले चारही रंग त्यात यावेत. ती जिंकली आल्दिर श्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने. हा तरुण उरुग्वेच्या सीमेवरील गावी वाढलेला आणि मनाने उरुग्वेच्याच बाजूचा! इतिहासाला विनोदबुद्धी नाही, असे कोण म्हणेल?

आणि त्याच दिवशी बाउरू गावात नऊ वर्षांच्या एका मुलाने रेडिओपाशी रडणारा आपला बाप पाहिला. बाबा, मी तुम्हांला चषक आणून देईन, असे तो म्हणाला. १९५८ साली स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या पेलेने तो शब्द पाळला. ज्या उमाळ्याने बार्बोसाला पन्नास वर्षे जाळले, त्याच उमाळ्यातून पेलेही निघाला. प्रेक्षकाची उत्कटता ही अशी दुधारी असते. ती लाकडाची नसते, म्हणूनच तिला हिशेब द्यावा लागतो.

घिज्जा त्या संघातील सर्वांत शेवटी गेला. तो गेला तो दिवस १६ जुलै २०१५ हा होता, त्या सामन्यानंतर बरोबर पासष्ट वर्षांनी.

कोल्हापूरच्या त्या ओसरीवर मी हे सारे त्या मुलाला सांगितले. तो ऐकत राहिला. उजाडू लागले होते आणि शेजारच्या गल्लीत कोणी तरी खिजविण्यासाठी फटाका लावला. मुलगा उठला, सदरा नीट केला आणि म्हणाला, "म्हंजे आजोबा, त्या गोलकीपरला कुणी सोडवलाच नाही?"

ब्राझीलला शिव्या घालण्याचे, जर्मनीचा हेवा करण्याचे वय होते त्याचे. त्याने विचारले ते बार्बोसाविषयी. मला उत्तर देता आले नाही. पण तो प्रश्न त्याने विचारला, हेच एका परीने उत्तर होते.