नोकरीआधीचं काम

दिव्यांग माणसाला कामावर का घेत नाही, असं लातूरच्या डाळमिलवाल्याला किंवा नांदेडच्या क्लासचालकाला विचारलं, तर उत्तर बहुधा एकच येतं: "घ्यायला आमची ना नाही हो, पण जमवायचं कसं?" हा प्रश्न प्रामाणिक असतो, असं मी मानतो. कोल्हापुरातल्या काही माणसांनी त्याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच शोधायला घेतलं होतं. त्यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेची वाटचाल म्हणूनच मराठवाड्यातल्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर ऐन सोळा-सतराव्या वर्षी लुळं पडलं. पुढे बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः व्हीलचेअरवर असूनही उद्योग सांभाळणारे गृहस्थ होते. घरात पडून राहायचं नाही, हे नसीमाताईंनी त्यांच्याकडे पाहून ठरवलं. त्या शिकल्या आणि केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरीला लागल्या. 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनातून त्यांचा हा प्रवास मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. मला त्यातली नोकरी फार महत्त्वाची वाटते. पुढे संस्था उभी करणाऱ्या बाईला कचेरीतलं रोजचं काम, पगाराचा दिवस आणि व्हीलचेअरला अडवणारी पायरी हे सगळं आतून ठाऊक होतं.

१९८४ साली रजनी करकरे-देशपांडे आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी 'हेल्पर्स' सुरू केली. रजनीताई गायिका होत्या आणि त्यांनाही पोलिओ झालेला होता. काम सुरू झालं ते शस्त्रक्रिया, कॅलिपर आणि शिक्षणासाठी मदत मिळवून देण्यापासून. पण खेड्यातल्या मुलाला कॅलिपर मिळाला, तरी शाळा लांब आणि एसटीची पायरी उंच. मग राहण्याची सोय आली. कोल्हापूरजवळ उचगावला 'घरौंदा' हे वसतिगृह उभं राहिलं. पुढे शाळा आली, कार्यशाळा आली. मग सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' वसली आणि तिथे दिव्यांगांच्या हातांना काजूप्रक्रियेचं काम मिळालं.

काजूचा धंदा जवळून पाहिला की 'जमवायचं कसं' याचा उलगडा होतो. टरफल फोडायचं जुन्या पद्धतीचं यंत्र हाताने आणि पायाने मिळून चालवावं लागतं. पायात बळ नसलेल्या माणसाला तिथे बसवलं, तर त्याला काम जमत नाही असंच कुणीही म्हणेल. पण त्याच कारखान्यात साल काढणं, अख्खा गर आणि तुकडा वेगळा करणं, प्रतवारी, वजन आणि पॅकिंग हीही कामं असतात, आणि ती बसून होतात. ज्याचे पाय चांगले आहेत पण ऐकू येत नाही, तो यंत्रावर उत्तम काम करतो. कामाचे असे तुकडे पाडून कोणता तुकडा कुणाला द्यायचा, हे मालकाने आधी बसून ठरवायचं असतं.

आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: संडास. कण्याला इजा झालेला माणूस कामाच्या जागी पाणी पीत नाही, कारण व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृहच नसतं. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, खाडे पडतात, आणि चार महिन्यांनी शेरा मिळतो की ही माणसं टिकत नाहीत. एक फूट चढ चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. खुर्ची वळायला पाच फुटांची मोकळी जागा लागते. दरवाजा तीन फुटांचा हवा. एवढी कामं गवंडी आठवड्याभरात करून देतो.

आपल्या भागाला अपंगत्व परकं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या भिंती कोसळल्या. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या कितीतरी जणांचे हातपाय मोडले होते. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे दिव्यांग झाला होता. त्या भूकंपानंतर लातूरजवळ हरंगुळला जनकल्याण समितीने अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढली. आज तिथेच 'संवेदना' हे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचं केंद्र चालतं. तिथली मुलं मोठी होतात तेव्हा पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या आईबापांना झोपू देत नाही. त्याचं उत्तर केंद्राने एकट्याने द्यावं, असं म्हणता येणार नाही. ते शहरातल्या दुकानांनी आणि कारखान्यांनीच द्यायला हवं.

कायदा तर केव्हाच पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ३ टक्के जागा राखल्या. त्या मोजायच्या कशा, यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर मोजा, असं बजावलं. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले आणि आरक्षण ४ टक्के झालं. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला काढता येत नाही. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण करावं लागतं, आणि कोणत्या सोयी देणार व संपर्क अधिकारी कोण हे त्यात नमूद करावं लागतं. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही केला.

तरीही आपल्याकडे दिव्यांगांसाठी काही करायचं म्हटलं की तीनचाकी वाटपाचं शिबिर सुचतं. शिबिरं जरूर व्हावीत. पण ती तीनचाकी घेऊन माणूस सकाळी कुठे जाणार, याची चिंता वाटप करणाऱ्यांनी करायला हवी. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांना रोज सकाळी जायला ठिकाण हवं आहे.

लातूरच्या मिलमध्ये तूर, हरभरा निवडणं, वजन, बिलं, पोत्यांचा हिशेब ही कामं आहेत. लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये प्रश्नपत्रिका टंकलेखन, फोन घेणं, प्रवेशाच्या नोंदी, ग्रंथालय ही कामं आहेत. फक्त कार्यालय दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, असं चालणार नाही. प्रवेशाचं टेबल तळमजल्यावर आणता येतं.

ज्यांच्याकडे वीस किंवा अधिक माणसं कामाला आहेत, त्या प्रत्येक मालकाला माझी हात जोडून विनंती आहे. आपलं समान संधीचं धोरण लिहिलेलं आहे का, ते उद्याच कार्यालयात विचारा. नसेल तर लिहून घ्या, गवंड्याला बोलवा, आणि पुढची जागा निघेल तेव्हा जाहिरातीत 'दिव्यांग उमेदवारांनी अवश्य अर्ज करावा' ही ओळ घाला.