मोटारसायकलींचे सदोष विद्युत् भाग व परतमागणी : सातारा-सांगली

मोटारसायकलीच्या एखाद्या भागात निर्मितीच्या वेळीच दोष राहिला असेल, तर तो भाग बसविलेली सर्व वाहने उत्पादकाने बोलावून घेऊन स्वखर्चाने दुरुस्त करून देणे, यास परतमागणी म्हणतात. व्यवहारात ‘रिकॉल’ हाच शब्द रूढ आहे. विद्युत् भागांत सर्वांत नाजूक भाग प्रज्वलन वेटोळे म्हणजेच कारागिरांच्या भाषेतील कॉइल होय. ती विद्युत् घटमालेचा किंवा मॅग्नेटोचा अल्प दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढविते व त्यामुळे एंजिनाच्या प्लगमध्ये ठिणगी पडते. कॉइलीतील निरोधन कच्चे असेल तर ठिणगी मधूनच चुकते, घाटात एंजिन बंद पडते, क्वचित शॉर्ट सर्किटही होते. खंबाटकी किंवा पसरणी घाटात, मागे मालमोटार असताना एंजिन बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत यंत्रदुरुस्तीची परंपरा जुनी आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 मध्ये उभा राहिला; सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 मध्ये सुरू झाले. दुचाकीची निर्मितीही येथे झाली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून 1975 मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या सातारा येथील कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होऊ लागली. या स्कूटरची ठिणगी फ्लायव्हीलमधील चुंबक व त्याखाली बसविलेले पॉइंट यांवर अवलंबून असे. मद्रास येथे 1955 पासून बनू लागलेल्या बुलेटचे पॉइंट त्याहून हाताशी होते. किक मारण्यापूर्वी चालक दिव्याच्या खोबणीवरील अँमीटरचा काटा पाहत असे. काटा मध्यावर आला की पॉइंट उघडले आहेत व दट्ट्या योग्य जागी आहे, हे त्यास समजे. विजेचे मंडल असे डोळ्यांनी वाचता येत होते. जळलेला पॉइंट कानशीने घासावा, कंडेन्सर बदलावा, तारेचा सांधा पुन्हा करावा, एवढ्यावर बहुतेक दोष निभावत. मात्र शंभर गाड्यांत एकाच खेपेचा निकृष्ट कंडेन्सर बसला असला, तरी दोष समूहाचा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नसे. प्रत्येक मालक स्वतंत्रपणे खर्च करी व दैवाला किंवा मिस्त्रीला दोष देई.

इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आल्यावर हे चित्र पालटले. पॉइंट गेले, कॉइल व नियंत्रक राळेत बंदिस्त झाले. आतील दोष उघड्या डोळ्यांस दिसेनासा झाला आणि तो शोधण्याचे साधन कानस व पान्याऐवजी कारखान्यातील उत्पादनाची नोंद हे ठरले. कोणत्या तारखांच्या दरम्यान, कोणत्या पुरवठादाराचा भाग, कोणत्या सांगाडा-क्रमांकांत बसला, हे उत्पादकासच ठाऊक असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 1966 च्या वाहन सुरक्षा कायद्याने सदोष वाहनांची सूचना मालकास देण्याचे बंधन उत्पादकावर आले व 1974 मधील दुरुस्तीने विनामूल्य निवारणही सक्तीचे झाले. भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै 2012 मध्ये स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, 2019 ने मूळ कायद्यात कलम 110-अ घातले व त्यासंबंधीचे नियम 1 एप्रिल 2021 पासून अंमलात आले. या कलमान्वये केंद्र शासन परतमागणीचा आदेश देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग असलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही बनावटीची असोत, परत मागविता येतात. ही तरतूद दूरदर्शीपणाची आहे. तिचा विचार पुढे करावा लागेल.

नियम लागू झाल्यानंतर लवकरच, 19 मे 2021 रोजी, रॉयल एन्फील्डने बुलेट 350, क्लासिक 350 व मीटिओर 350 या नमुन्यांच्या 2,36,966 मोटारसायकली स्वेच्छेने परत मागविल्या. डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात बाहेरील पुरवठादाराकडून आलेल्या काही कॉइली सदोष असल्याचे कंपनीच्या नेहमीच्या चाचण्यांत आढळले होते. तपासलेल्या गाड्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी गाड्यांतच भाग बदलावा लागेल, असा तिचा अंदाज होता. भारताबरोबर थायलंड, इंडोनेशिया, फिलिपीन्स, मलेशिया, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील वाहनांचाही त्यांत समावेश होता. महाराष्ट्रात त्या वेळी करोना साथीचे निर्बंध होते. जुलै 2021 मध्ये कृष्णा व वारणा काठी महापूर आला. सांगलीतील जी गाडी पाण्यात बुडाली तिच्या कॉइलीचा बिघाड मूळचा की पुराचा, हे ठरविणे सोपे नव्हे. ओलाव्यामुळे गंजलेला सांधा व कच्चे निरोधन यांची लक्षणे सारखीच असतात. महाबळेश्वर-कोयना भागातील पाऊस व जत-आटपाडीकडील धूळ आणि उष्णता यांमुळेही एकाच बनावटीचा भाग दोन टोकांना निरनिराळ्या प्रकारे कसाला लागतो. पुढे जुलै 2024 मध्ये सुझुकीनेही कॉइलीच्या उच्च दाबाच्या तारेतील दोषावरून 3,88,000 हून अधिक स्कूटर परत मागविल्या.

खरी अडचण फेरबदल केलेल्या मोटारसायकलींबाबत उद्भवते. जुन्या बुलेटचा सांगाडा कापून, टाकी व दांडा बदलून, दिवे व भोंगे वाढवून हौशी मालक आपल्या मनाजोगी गाडी घडवून घेतात. अशा कामात वायरिंग तोडून नव्याने जोडले जाते आणि कॉइल पुष्कळदा दुसऱ्या गाडीतून काढलेली असते. परतमागणीची सूचना सांगाडा-क्रमांकावरून जाते, कॉइलीवरून नव्हे. त्यामुळे सदोष कॉइल ज्या गाडीतून निघाली तिच्या मालकास सूचना मिळते. ती ज्या गाडीत बसली तिच्या मालकास काहीच कळत नाही. गाडी विकून नावनोंदणी बदलली नसेल, तर पहिल्या मालकापलीकडे सूचना पोहोचतच नाही. कायदा भागाचा माग काढू पाहतो, नोंदवही मात्र वाहनाचीच राहते.

शिवाय असा मालक अधिकृत दुरुस्तीकेंद्रात जाण्यास बिचकतो. कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निर्णयात हेच उचलून धरले. कलम 182-अ अन्वये अशा फेरबदलास प्रत्येक बदलागणिक 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही कडक भूमिका सुरक्षिततेच्या दृष्टीने समर्थनीय असली, तरी तिच्या धाकाने सदोष भाग रस्त्यावरच राहतो, हेही नाकारता येत नाही. हमी व परतमागणी यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. हमी हा विक्रीचा करार असून फेरबदलाने ती गमावली जाऊ शकते; परतमागणी ही उत्पादकाची सुरक्षिततेविषयीची जबाबदारी होय. मूळ कॉइल जागेवर असेल, तर टाकी किंवा दांडा बदलल्याने तिच्यातील दोष उत्पादकाचा असल्याचे नाहीसे होत नाही.

वर उल्लेखिलेले नियम निर्मितीपासून सात वर्षांपर्यंतच्या वाहनांनाच लागू आहेत. 2021 च्या पूर्वार्धात बनलेल्या मोटारसायकली 2028 मध्ये या मर्यादेबाहेर जातील. त्यांतून काढून जुन्या सांगाड्यांत बसविलेल्या कॉइलींची नोंद मात्र नोंदणीपत्रात नसते, आणि ज्या सांगाड्यांत त्या बसल्या त्यांपैकी पुष्कळसे ही सात वर्षे केव्हाच ओलांडून गेलेले असतात.