लिटरमागे दहा मिनिटे
शहरी वेगाचा हिशेब आणि १९८५ च्या दोन मोटारसायकली

१९८५ साली भारतात दोन मोटारसायकली आल्या. हीरो होंडाची सीडी १०० आधी आली, आणि वर्ष सरता सरता एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० आली. पहिलीच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ४९.५ मिलिमीटर, म्हणजे इंजिन ९७.२ सीसीचे. दुसरीचा व्यास ५० आणि प्रवासही ५०, म्हणजे ९८ सीसी. दोन्ही सिलिंडर शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना फरक कळू नये. तरीही पहिलीची ताकद सात-साडेसात अश्वशक्ती आणि दुसरीची अकरा. आरएक्सचा मूठभर का होईना पण कडवा भक्तसंप्रदाय आजही आहे. सीडी १०० ची भक्ती कोणी करत नाही, मात्र तिच्या वंशातल्या गाड्यांनी सारा देश व्यापला. या दोन मापांतून एवढी वेगळी नशिबे कशी निघाली, त्याचा हा शोध आहे.

आधी थोडे मागे जायला हवे. १९८५ च्या आधी शहरात कामावर जाणाऱ्या माणसाने गाडी ‘निवडणे’ हा शब्दप्रयोगच फारसा खरा नव्हता. गाडी मिळत असे. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होई. इटलीच्या पियाजियोशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ पासून ती ‘चेतक’ या नावाने निघू लागली. तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. लग्नाच्या बोलणीत स्कूटरचा नंबर लागल्याची बातमी सांगितली जाई, ती या टंचाईमुळेच. मोटारसायकलींत रॉयल एन्फिल्डची बुलेट, म्हैसूरची येझदी आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. राजदूतचा मूळ आराखडा पोलंडचा, गाडी दणकट, गावाकडच्या रस्त्यांना मानवणारी, पण तिला कोणी चपळ म्हणत नसे. याहून हलके काही हवे असेल तर फिरोदियांच्या कायनेटिकची ल्युना, तीही १९७२ चीच. चढावर पायडल मारायची तयारी ठेवली की ल्युना कुठेही नेई.

म्हणजे स्वस्त हवी तर हळू, आणि वेगवान हवी तर जड व तहानलेली, अशी वाटणी होती. वेगाची हौस पुरवायचा एक मोठा प्रयोग १९८३ मध्ये झाला. यामाहाच्या आरडी ३५० ची देशी आवृत्ती एस्कॉर्ट्सने ‘राजदूत ३५०’ म्हणून आणली. दोन सिलिंडर, तीसच्या आसपास अश्वशक्ती. रस्त्यावर तिच्या जवळपास येणारे काही नव्हते, आणि तिच्या पेट्रोलच्या भुकेजवळपासही नव्हते. सुटे भाग महाग पडत. लोक वळून पाहत, विकत मात्र घेत नसत. पुढे सीडी आणि आरएक्सच्या वेळी जे घडले त्याचा हा आगाऊ इशारा होता, असे मला वाटते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याची वाट मोकळी केली आणि चारही जपानी कंपन्या आल्या. सुझुकी होसूरला टीव्हीएसबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर, कावासाकी बजाजबरोबर. होंडाने दोन घरे केली. स्कूटरसाठी तिने पुण्याच्या फिरोदियांशी हात मिळवला, तर मोटारसायकलसाठी लुधियानाच्या सायकलवाल्या हीरोशी. मर्यादा १०० सीसीची असल्याने सर्वांना एकाच आकाराच्या भांड्यात स्वयंपाक करायचा होता. तिघींनी टू-स्ट्रोक इंजिन निवडले: इंड-सुझुकी, आरएक्स आणि १९८६ ची केबी १००. एकट्या सीडीने फोर-स्ट्रोक निवडले.

हा फरक गॅरेजबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, कारण सगळा इतिहास त्यावर उभा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार वेळा वर-खाली होतो. एकदा हवा-पेट्रोल आत घेतो, मग ते दाबतो, मग स्फोट होऊन ढकलला जातो आणि शेवटी धूर बाहेर काढतो. चार हालचालींत काम एकदाच. टू-स्ट्रोकमध्ये हीच सगळी कामे दोन हालचालींत उरकतात, म्हणजे तितक्याच फेऱ्यांत स्फोट दुप्पट. व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडझाक करणारा कॅमशाफ्ट नाही; सिलिंडरच्या भिंतीत भोके असतात आणि पिस्टनच जाता-येता त्यांची दारे उघडतो, लावतो. इंजिन हलके, साधे, दुरुस्तीला सोपे. मूठ पिळली की गाडी ताबडतोब झेपावते.

पण दारे दोन्ही बाजूंची एकाच वेळी उघडी राहतात. ताजे पेट्रोल आत येऊन जुन्या धुराला बाहेर ढकलते आणि त्याच्याबरोबर स्वतःही काही प्रमाणात, न जळताच, सायलेन्सरमधून निघून जाते. हा वाटा थोडाथोडका नसतो. वाईट अवस्थेत तो एक-तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो. शिवाय इंजिनाला वंगण म्हणून पेट्रोलबरोबर ऑइलही जाळावे लागते. चेतक किंवा राजदूतमध्ये पंपावर ऑइल मोजून पेट्रोलमध्ये मिसळून घ्यावे लागे. आरएक्समध्ये त्यासाठी वेगळी टाकी आणि छोटा पंप होता, ही सोय मोठी. जळून निळा धूर व्हायचा तो होतच असे.

आरएक्सची गोडी कशात होती? तिचे वजन शंभर किलोच्या आसपास. रीड व्हॉल्व्हमुळे कमी फेऱ्यांतही ती गुदमरत नसे. डबलसीट असताना, पुलाच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये ती जे खेचे ते अनुभवलेल्याला इतर १०० सीसी गाड्या आजारी वाटत. सोनसाखळी चोरांची ती आवडती गाडी, अशी तिची बदनामीही झाली. पिकअपचे याहून खणखणीत प्रशस्तिपत्र कोणते असेल! सुरुवातीच्या गाड्यांत जपानहून आलेले भाग असत आणि त्या गाड्यांना आजही जुन्या बाजारात जास्त भाव येतो.

आता प्रश्न असा की शहरात, कामावर जाण्यासाठी, या पिकअपचे मोल किती? मी एक साधा हिशेब मांडून पाहिला. घर ते कचेरी १० किलोमीटर. चौक आणि सिग्नल मिळून १५ थांबे. प्रत्येक थांब्यानंतर आरएक्सने सीडीवर चार सेकंद कमावले असे उदारपणे धरू. एका फेरीत एक मिनिट. महिन्याचे २५ दिवस, ५० फेऱ्या, म्हणजे ५० मिनिटे. पेट्रोलकडे पाहू. शहरात आरएक्सचे एव्हरेज ४० आणि सीडीचे ६५ धरले (जाहिरातीतला ८० चा आकडा शहराच्या रहदारीत धरण्यात अर्थ नाही), तर महिन्याच्या ५०० किलोमीटरला एकीला साडेबारा लिटर लागते आणि दुसरीला पावणेआठच्या आत. फरक पावणेपाच लिटरहून थोडा अधिक. म्हणजे आरएक्सवाला दर जादा लिटरमागे जेमतेम दहा मिनिटे विकत घेत होता. ऑइलचा खर्च वेगळा.

आणि ती दहा मिनिटेही हातात पडत नसत, कारण पुढच्या सिग्नलला दोन्ही गाड्या पुन्हा शेजारी उभ्या. दापोडीपासून पिंपरीपर्यंतच्या सरळ रस्त्यावर फरक पडायला हवा असे कोणी म्हणेल. तिथे ट्रक आणि एसटी असत, आणि त्यांच्या मागे अकरा अश्वशक्तीची गाडी साडेसातवालीच्याच चालीने जाई. शहरात वेग गाडीत नसतो, रस्त्यात असतो. म्हणून आरएक्स घेणाऱ्याने वेळेसाठी ती घेतली असे मी मानत नाही. त्याने सिग्नल सुटल्यानंतरची पहिली चार सेकंदे घेतली. ती खोटी होती असे मात्र नाही. दिवसभर साहेबाचे ऐकणाऱ्या माणसाला दिवसातून तीस वेळा सर्वांच्या पुढे जायला मिळत असेल, तर त्याची किंमत लिटरमध्ये मोजणारा मी कोण?

पण घरातले लोक मोजत. मध्यमवर्गीय मराठी घरांत पेट्रोलच्या नोंदीची छोटी वही असायची: तारीख, लिटर, मीटरचा आकडा. ‘एव्हरेज किती देते?’ हा प्रश्न गाडी विकणाऱ्यालाही विचारला जाई आणि ती नवी घेतलेल्या शेजाऱ्यालाही. गाडी महाग की स्वस्त हे शोरूमच्या किमतीवर ठरत नव्हते, महिनाअखेरीला ठरत होते. हीरो होंडाने हे नेमके ओळखले. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची त्यांची जाहिरात त्या काळात सर्वतोमुखी झाली. जाहिरातीत वेगाचा शब्द नव्हता. १९९० च्या आखाती संकटात पेट्रोलवर अधिभार बसला तेव्हा तर वहीतल्या आकड्यांनी आरएक्सच्या बाजूने बोलायला जागाच ठेवली नाही. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, इंजिन तेच ९७.२ सीसीचे. पुढचे सांगायला नकोच.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या सगळ्या हिशेबात ‘कामावर जाणारा’ पुरुषच धरलेला आहे, कारण मोटारसायकलवाल्यांनी तोच धरला होता. बँकेत, शाळेत, टेलिफोन खात्यात जाणाऱ्या पुण्यातल्या बायकांनी या वादात भागच घेतला नाही. त्यांची वेगवान गाडी होती कायनेटिक होंडा: ९८ सीसी, टू-स्ट्रोकच, पण गिअर नाही आणि बटण दाबले की सुरू. किकपाशी झटावे लागत नाही, यात वाचणारा वेळ आणि मनस्ताप माझ्या कोष्टकात बसत नाही.

वहीत एक रकाना मुळातच नव्हता. सायलेन्सरमधून न जळता निघून गेलेले पेट्रोल मालकाने पैसे देऊन घेतलेले असे. त्याचा वास घेणारा मागचा सायकलवाला मात्र फुकटात घेत असे. टू-स्ट्रोक गाडी बनवायला सोपी आणि चालवायला चपळ होती, ती काही अंशी या उसनवारीवर. ऐंशीच्या दशकात लक्ष्मी रोडवर संध्याकाळी उभ्या राहिलेल्या कोणालाही हे डोळे चुरचुरून कळत होते, पण कायद्याच्या भाषेत यायला वेळ लागला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडी जागच्या जागी चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड मोजायची तरतूद आली. दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के. १९९१ पासून नव्या गाडीने किलोमीटरमागे किती ग्रॅम विष सोडावे याचे माप लागले. ते फार सैल होते: कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या वजनानुसार १२ ते ३० ग्रॅम, न जळलेले हायड्रोकार्बन ८ ते १२ ग्रॅम. १९९६ मध्ये तेच ४.५ ग्रॅमवर आणि, नायट्रोजन ऑक्साइड धरून, ३.६ ग्रॅमवर आले. २००० साली दोन्ही २ ग्रॅमवर. दहा वर्षांत एवढी घट दुसऱ्या कोणत्या क्षेत्रात झाली असेल तर मला ठाऊक नाही. ही मापे घेणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी एक, ‘एआरएआय’, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. खाली पौड रोडवर गाड्या धूर सोडत असताना वर त्याचेच ग्रॅम मोजले जात होते.

१९९६ ची मापे एप्रिलपासून लागू झाली. आरएक्स १०० चे उत्पादन त्याच वर्षी मार्चमध्ये थांबले. नंतर आरएक्स १३५ काही वर्षे निघाली, सीसी वाढले, पण जुन्या गाडीची ती झेप तिच्यात नाही असे जाणकार म्हणतात. कायद्याने एक चांगली गाडी मारली, असे आरएक्सचे चाहते आजही सांगतात. मला हे अर्धेच पटते. कायद्याने फोर-स्ट्रोककडे वळणे सक्तीचे केले हे खरे, पण गिऱ्हाईक त्याआधीच वळले होते. टू-स्ट्रोकवरच मोठी झालेली बजाजदेखील नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कावासाकीबरोबर फोर-स्ट्रोक मोटारसायकल बनवू लागली होती, ती काही हवेच्या काळजीने नव्हे. २००१ मध्ये हीरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली, ती लोकांच्या वहीतल्या एव्हरेजच्या जोरावर.

वेगाची हौस मात्र कुठे गेली नव्हती. त्याच २००१ मध्ये बजाजने १५० आणि १८० सीसीची पल्सर आणली, फोर-स्ट्रोक इंजिनाची, आणि ज्यांच्या वडिलांनी आरएक्स नाकारून सीडी घेतली होती त्या पोरांनी ती उचलली. कमी पेट्रोलमध्ये पिकअप मिळवायचा तर इंजिन मोठे करावे लागले. १०० सीसीच्या भांड्यात ते मावत नव्हते.

आज जुनी आरएक्स सुस्थितीत मिळाली तर तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजायला लोक तयार असतात. ब्लॉक पुन्हा बोअर करून, पिस्टन बदलून ती चालवणारे मिस्त्री पुण्यात, कोल्हापुरात, बेळगावात आहेत. गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि महाराष्ट्रात २०१० पासून त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. दुचाकीला तो सरसकट आहे. इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हे त्यात विचारले जात नाही. आरएक्स आणेल तो जेवढा भरतो, तेवढाच सीडी आणणाराही भरतो.