धार्मिक मतदार, उमेदवाराची श्रद्धा आणि गर्भपात (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उमेदवाराचा धर्मपंथ, त्याचे वैयक्तिक आचरण आणि गर्भपाताच्या कायद्याविषयीची त्याची भूमिका यांची एकत्र पारख करून मत देण्याची प्रवृत्ती. ती मुख्यतः कॅथलिक आणि इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट मतदारांत आढळते. १९७० पूर्वी पारख होत असे ती पंथाची. त्यानंतरच्या अर्धशतकात पंथ मागे पडत गेला आणि गर्भपाताविषयीची भूमिका हीच श्रद्धेची खूण मानली जाऊ लागली. रविवारी नेमाने चर्चमध्ये जाणारे कार्टर व बायडन धार्मिक मतदारांच्या मोठ्या गटाला नकोसे झाले आणि घटस्फोटित रेगन व ट्रम्प हवेसे वाटले, हे कोडे या बदलाशिवाय उलगडत नाही.

अमेरिकेच्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदानुसार सार्वजनिक पदासाठी धर्माची अट घालता येत नाही. हे बंधन शासनावर आहे. मतदाराच्या मनावर नाही. १९२८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ॲल स्मिथ यांना उभे केले. मोठ्या पक्षाचे ते पहिले कॅथलिक उमेदवार. अध्यक्ष पोपच्या आज्ञेत राहील, अशी भीती त्यांच्याविरुद्ध उघडपणे पसरवली गेली आणि ते हर्बर्ट हूव्हर यांच्याकडून पराभूत झाले. १९६० मध्ये हाच प्रश्न जॉन केनेडी यांच्यापुढे आला. १२ सप्टेंबर रोजी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत त्यांनी सांगितले की, संततिनियमन, घटस्फोट, जुगार अशा विषयांवर आपण राष्ट्रहित पाहून निर्णय घेऊ आणि सदसद्विवेक व पद यांत संघर्ष उभा राहिला तर राजीनामा देऊ. या यादीत गर्भपात नव्हता. त्या काळी तो बहुतेक राज्यांत गुन्हा होता आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याची चर्चा होत नसे.

२२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा हक्क संविधानाने संरक्षित असल्याचे ठरविले. या निकालाने सगळे ख्रिस्ती मतदार एका रात्रीत पेटून उठले, ही समजूत बरोबर नाही. विरोध संघटित होता तो कॅथलिक बिशपांचा. प्रॉटेस्टंटांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, १९७१ मध्ये बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग आणि मातेचे शारीरिक, मानसिक व भावनिक स्वास्थ्य या कारणांसाठी गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता आणि निकालानंतर, १९७४ मध्ये, ती भूमिका कायम ठेवली होती. अनेक बॅप्टिस्टांच्या लेखी गर्भपात हा तोवर ‘कॅथलिकांचा विषय’ होता.

१९७६ मध्ये जॉर्जियाचे जिमी कार्टर डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. ते संडे स्कूलमध्ये शिकवत आणि आपला ‘नवा जन्म’ झाल्याचे मोकळेपणाने सांगत. इव्हँजेलिकलांना ते आपलेच वाटले. कॅथलिक बिशपांची फूटपट्टी मात्र निराळी होती. कार्टर यांना गर्भपात व्यक्तिशः अमान्य होता, पण तो रोखण्यासाठी संविधान दुरुस्त करायला ते तयार नव्हते. त्यांची भेट घेऊन बिशपांनी निराशा बोलून दाखवली. उमेदवाराचे खाजगी मत आणि त्याचे सार्वजनिक वचन यांतली फट या भेटीत प्रथमच ठळकपणे पुढे आली. पुढच्या प्रत्येक वादाचे मूळ तिच्यात आहे.

१९७९ मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी व्हर्जिनियात ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना स्थापन केली. त्याच वर्षी फ्रान्सिस शेफर आणि बालशल्यचिकित्सक सी. एव्हरेट कूप यांनी ग्रंथ व चित्रपट यांच्याद्वारे गर्भपाताचा प्रश्न इव्हँजेलिकल चर्चमध्ये नेला. इतिहासकार रँडल बाल्मर यांच्या मते या चळवळीचे मूळ कारण गर्भपात नसून वेगळेच होते : वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांची करसवलत सरकारने काढून घेतली, त्याचा राग. गर्भपाताचा मुद्दा नंतर निवडला गेला, असे ते म्हणतात. हे मत सर्वांना मान्य नाही. परंतु १९७१ चा बॅप्टिस्ट ठराव समोर असताना ते सहजी झटकूनही टाकता येत नाही. याच बॅप्टिस्टांनी १९८० मध्ये भूमिका बदलली आणि मातेचा जीव वाचविण्याखेरीज गर्भपातास बंदी असावी अशी मागणी केली. त्या वर्षी चळवळीने आपल्याच पंथाच्या कार्टर यांना सोडून रॉनल्ड रेगन यांना साथ दिली. रेगन चर्चमध्ये फारसे जात नसत, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली होती. त्या सहीचा आपल्याला पश्चात्ताप होतो, हे त्यांचे म्हणणे मतदारांना पुरले.

या पारखीचे एक साधन म्हणजे मतदारांसाठीचे मार्गदर्शक पत्रक. करसवलत घेणाऱ्या चर्चला उमेदवाराचा प्रचार करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. त्यावर तोड म्हणून धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांच्या ‘ख्रिश्चन कोॲलिशन’ने दोन उमेदवारांच्या भूमिका शेजारी-शेजारी छापलेली पत्रके काढली. मत कोणाला द्या हे त्यात लिहिलेले नसे; लिहिण्याची गरजही नसे. मतदानाच्या आदल्या रविवारी ती चर्चमध्ये वाटली जात, किंवा बाहेर उभ्या गाड्यांच्या काचांवर खोवली जात.

कॅथलिकांमध्ये हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे धर्मसंस्थेची शिकवण एक आणि धर्मबंधूंची मते अनेक. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी १९८३ मध्ये गर्भपात, अण्वस्त्रे, मृत्युदंड आणि दारिद्र्य हे सारे एकाच जीवनमूल्याच्या कसोटीवर तपासावेत असे मांडले. गर्भपाताला अग्रक्रम देणाऱ्यांना त्यात मुख्य मुद्दा पातळ होण्याचा धोका दिसला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ओकॉनर यांनी उपाध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवार जेराल्डीन फेरारो यांच्यावर गर्भपाताविषयीच्या भूमिकेवरून जाहीर टीका केली. त्यावर न्यूयॉर्कचेच गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी नोत्र दाम विद्यापीठात उत्तर दिले : कॅथलिक म्हणून आपल्याला गर्भपात अमान्य आहे, पण सहमती नसलेल्या समाजावर तो नियम कायद्याने लादणे शहाणपणाचे नाही. डेमोक्रॅटिक कॅथलिक नेते आजही बहुधा हाच युक्तिवाद करतात. उलट टोकाला पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर बॉब केसी होते. गर्भपाताला विरोध करणाऱ्या या डेमोक्रॅटला १९९२ च्या पक्षाधिवेशनात बोलू दिले गेले नाही. दोन्ही पक्षांत सामावणारा विषय एका-एका पक्षाची ओळख होत गेला, तो असा.

२००४ मध्ये अध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार, कॅथलिक जॉन केरी यांना ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) द्यावा की नाही यावरून बिशपांतच फूट पडली. सेंट लुइसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी आपण तो देणार नाही असे सांगितले. त्या वर्षी कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांनी अमेरिकी बिशपांना पाठविलेल्या टिपणात मतदाराविषयी एक सूक्ष्म भेद केला आहे. उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे म्हणूनच त्याला मत देणे हे पापात सहभागी होणे होय. मात्र ती बाजू अमान्य असूनही, तोलामोलाच्या इतर कारणांसाठी मत दिले तर ते क्षम्य ठरू शकते. ‘तोलामोलाची कारणे’ कोणती, हे टिपणाने मोजून दिले नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कॅथलिक हेच टिपण आपापल्या आधारासाठी दाखवतात. पुढे केनेडींनंतरचे दुसरे कॅथलिक अध्यक्ष झालेले जो बायडन यांनाही २०१९ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील एका चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद नाकारला गेला. मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांना आपल्या प्रांतात ख्रिस्तप्रसाद घेण्यास मनाई केली. पुढच्याच महिन्यात पलोसींनी व्हॅटिकनमध्ये पोपच्या मिस्सेत तो घेतला.

२०१२ मध्ये इव्हँजेलिकलांपुढे रिपब्लिकन उमेदवार म्हणून मॉर्मन मिट रॉम्नी होते. अनेकांच्या मते मॉर्मन हे ख्रिस्तीच नव्हेत. तरीही गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे चार-पंचमांशांनी त्यांना मत दिले, आणि त्याच ऑक्टोबरात इव्हँजेलिकल धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावरील भ्रामक पंथांच्या यादीतून मॉर्मन पंथ वगळला. डॉनल्ड ट्रम्प यांच्या वेळी आचरणाची कसोटीही गळाली. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःला गर्भपाताच्या हक्काचे ठाम समर्थक म्हणवले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे निधन होऊन जागा रिकामी झाली, आणि मे महिन्यात ट्रम्प यांनी आपण निवडू शकू अशा ११ न्यायाधीशांची यादीच जाहीर केली. ही त्यांची सर्वांत परिणामकारक धार्मिक कृती म्हणावी लागेल. पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीनुसार, खाजगी जीवनात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक काम नीतीने करू शकतो असे २०११ मध्ये ३० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांना वाटत होते. २०१६ मध्ये ७२ टक्क्यांना.

‘धार्मिक मतदार’ म्हणजे गोरा, रिपब्लिकन मतदार हे समीकरण कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट खोटे ठरवतात. त्यांची उपासना नेमाची आणि मत बहुधा डेमोक्रॅटांना. अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर राफाएल वॉरनॉक स्वतःला गर्भपाताचा हक्क मानणारे धर्मोपदेशक म्हणवतात. २०२२ च्या सिनेट निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे असलेल्या रिपब्लिकन हर्शल वॉकर यांच्यावर गर्भपातासाठी पैसे दिल्याचा आरोप झाला. वॉकर यांनी तो नाकारला, आणि गोरे इव्हँजेलिकल बहुसंख्येने त्यांच्यामागेच राहिले. वॉरनॉक जिंकले. ज्यू धर्मशास्त्रात मातेच्या जिवाला धोका असल्यास गर्भपात हे कर्तव्यच ठरते. त्यामुळे सरसकट बंदी हे आपल्या धर्मस्वातंत्र्यावरील आक्रमण आहे, असा दावा काही ज्यूंनी न्यायालयात केला.

भारतीय वंशाच्या उमेदवारांपैकी बॉबी जिंदल कॅथलिक झाले आणि निक्की हेली मेथडिस्ट. विवेक रामस्वामी हिंदूच राहिले आणि आयोवातील ख्रिस्ती मतदारांना आपला धर्म समजावून सांगत फिरले. मूळचे बेळगाव जिल्ह्यातील, मराठीत आत्मकथन लिहिणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून काँग्रेसवर निवडून आले. तेथे आक्षेप निघाला तो मुख्यतः त्यांच्या हिंदू असण्यावरून नव्हे, तर डेट्रॉइटला कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरणार नाही यावरून. ते निवडून आले त्याच दिवशी मिशिगनच्या मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या संविधानात घातला.

ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायमूर्तींच्या बळावर २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्यात ‘रो’ निकाल रद्द झाला आणि निर्णय राज्यांकडे गेला. त्यानंतर मतदारांना प्रश्न आणि उमेदवार वेगळे करता आले. कॅन्ससने ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताचे संरक्षण काढून घेणारी दुरुस्ती सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळली. मिझुरीत २०२४ मध्ये ट्रम्प सहज जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवर गर्भपाताचा हक्कही मंजूर झाला. म्हणजे दोन्ही बाजूंना ‘हो’ म्हणणारे मतदार तेथे पुष्कळ होते. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षी दोन्ही उमेदवारांना जीवनविरोधी ठरवले, एकाला स्थलांतरितांविषयीच्या आणि दुसरीला गर्भपाताविषयीच्या भूमिकेमुळे, आणि कमी वाईट कोण ते मतदाराने आपल्या विवेकाने ठरवावे असे सांगितले. सदर्न बॅप्टिस्टांनी जूनमध्ये कृत्रिम गर्भधारणेतील भ्रूण नष्ट करण्यावर चिंता व्यक्त करणारा ठराव केला. ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी त्याच उपचारांचा खर्च सरकार किंवा विमा कंपन्यांकडून देववू असे जाहीर केले. गर्भपातविरोधी संघटनांनी नाराजी नोंदवली. नोव्हेंबरात गोऱ्या इव्हँजेलिकलांची दहापैकी आठ मते पुन्हा ट्रम्प यांनाच मिळाली.